विहिरीला पाणी आले, पण कशामुळे?

देवपूर म्हणजे धुळे शहराचा पांझरा नदीपलीकडचा भाग. धुळ्याला आलो की माझा मुक्काम तिथे थोरल्या बहिणीकडे असतो. गेल्या हिवाळ्यात असाच आलो असताना जवळच्या एका शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून बोलावले. नववीतल्या एका मुलीने पाणलोटाचा नमुना मांडला होता. मातीचा उतार, त्यावर समतल चर, ओढ्यावर सिमेंटचे छोटे बांध आणि तळाशी विहीर म्हणून काचेची नळी. झारीने वरून पाणी शिंपडले की नळीतले पाणी हळूहळू चढत असे. नमुना नेटका होता. मागच्या फलकावर आजोळच्या विहिरीचे दोन स्तंभ होते, ‘जलयुक्त शिवारापूर्वी, मे २०१६’ आणि ‘जलयुक्त शिवारानंतर, मे २०१७’. दुसऱ्या स्तंभात पाणी बरेच वर आलेले दिसत होते. त्याखाली ठळक अक्षरात लिहिले होते, ‘योजनेचा परिणाम’.

मी सहज विचारले, “या दोन मापांच्या मध्ये पाऊस कसा झाला?”

ती म्हणाली, “फलकावर नाही लिहिलं, सर. पण आजोबा म्हणतात, त्या साले पानी बी भलता पडना.”

आम्ही तिघे परीक्षक हसलो आणि तिला पहिला क्रमांक देऊन मोकळे झालो. संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून परत येताना ते हसणे मला टोचू लागले. फलकावरच्या निष्कर्षावरचा सर्वात नेमका आक्षेप आजोबांच्या अहिराणी वाक्यात होता. आम्ही तो ऐकला आणि गुण मात्र फलकाला दिले. शासनाच्या जाहिराती, वर्तमानपत्रांतल्या यशोगाथा, विरोधकांची भाषणे आणि आपल्या शाळांची प्रदर्शने, सगळीकडे हेच चालते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी ठेवायचे आणि मधल्या सगळ्याचे श्रेय किंवा दोष एकाच गोष्टीला द्यायचा. त्या पद्धतीवरची ही टीका आहे. जलयुक्त शिवार चांगले की वाईट, याचा निकाल मी देणार नाही. तो निकाल देणे आज इतके अवघड का झाले आहे, एवढेच दाखवायचे आहे.

प्रथम योजनेची हकिकत. ५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करायची आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करायचा, असा संकल्प होता. नाला खोलीकरण, सिमेंट नाला बांध, शेततळी, जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती, गाळ काढणे अशी कामे झाली. पहिल्याच वर्षी सहा हजारांवर गावे घेतली गेली. पाच वर्षांत साडेबावीस हजारांच्या आसपास गावे झाली आणि सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढली, टँकर कमी झाले, असे सरकारतर्फे सांगण्यात येत होते. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी कामाच्या पद्धतीला हरकत घेऊन उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे सरकार बदलले. २०२० मध्ये ‘कॅग’चा, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला. गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा झाला नाही, असे त्याने म्हटले. त्याच वर्षी चौकशी समिती नेमली गेली. मग पुन्हा सरकार बदलले आणि २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. एवढा पैसा आणि एवढी वर्षे खर्च झाल्यावरही ‘उपयोग झाला का?’ या प्रश्नाचे उत्तर सरकार कोणाचे आहे यावर ठरावे, ही वैज्ञानिक दृष्टीने नामुष्कीची गोष्ट आहे.

आता पावसाकडे पाहू. २०१४ आणि २०१५ ही महाराष्ट्रात लागोपाठ तुटीची वर्षे होती. २०१६ मध्ये पाऊस परतला. म्हणजे मे २०१६ ची विहीर दोन दुष्काळ सोसलेली आणि मे २०१७ ची विहीर बऱ्या पावसानंतरची. मध्ये एकही बांध घातला नसता, तरी बहुतेक विहिरींना पाणी वाढलेच असते. आजोबांना हेच म्हणायचे होते.

वाचक म्हणतील, पावसाचा हिशेब वजा करून टाकू, मग झाले. पण त्याहून कमी दिसणारी एक अडचण आहे. योजनेसाठी गावे निवडली कशी? २०१४ च्या शासन निर्णयाच्या सुरुवातीलाच नोंद आहे की राज्यातील १८८ तालुक्यांतल्या २,२३४ गावांमध्ये भूजल पातळी २ मीटरपेक्षा जास्त खाली गेली होती. टंचाईच्या गावांना प्राधान्य मिळाले, आणि ते योग्यच होते. औषध आजाऱ्यालाच द्यायचे असते. पण ज्या वर्षी एखादी गोष्ट नेहमीपेक्षा फार खाली गेलेली असते, त्याच वर्षी तिची निवड केली, तर पुढच्या मोजणीत ती आपोआप वर आलेली दिसते. यासाठी कोणी काहीही करावे लागत नाही.

हे वर्गात दाखवता येते आणि अवश्य दाखवावे. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर प्रत्येकाला दोन फासे टाकायला सांगा आणि बेरीज लिहून घ्या. ज्यांची बेरीज ४ किंवा त्याहून कमी आली ती ‘टंचाईची गावे’. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ अशा असतात, म्हणजे साधारण दहा मुले निघतील. त्यांच्या बेरजेची सरासरी सव्वातीन-साडेतीनच्या आसपास येईल. आता या दहा जणांच्या तळहातावर खडूने एक फुली काढा. ही आपली योजना. पुन्हा फासे टाकायला सांगा. या वेळी सरासरी सातच्या जवळपास येईल. फुलीने उत्पन्न दुप्पट केले! मग ज्यांची पहिली बेरीज १० किंवा त्याहून जास्त होती त्यांना उभे करून टाळ्या वाजवा आणि पुन्हा फासे टाकायला सांगा. त्यांची सरासरी साडेदहाच्या वरून सातवर घसरेल. शाबासकीने मुले बिघडतात, असा शोध कोणीतरी मागच्या बाकावरून लावीलच.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात ते मांडले. विहिरी अर्थातच फासे नसतात. विहिरीच्या पातळीचा एक भाग टिकाऊ असतो. खडक कसा, उतार कसा, उपसा किती, यावर तो ठरतो. दुसरा भाग त्या-त्या वर्षाचा. हा दुसरा भाग जेवढा मोठा तेवढे परतणे जास्त. खानदेशासारख्या बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात तो लहान नसतो.

मग शेजारच्या गावाशी तुलना करावी का? योजना झालेले गाव आणि न झालेले गाव यांच्या त्याच वर्षाच्या विहिरी पाहाव्यात. पाऊस दोघांना साधारण सारखाच. हा मार्ग जास्त शहाणपणाचा दिसतो, पण त्यातही खळगे आहेत. आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ.

शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास एक काम सुरू झाले. पुढे ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांची कल्पना आणि अमरिश पटेल यांचे पाठबळ. ओढे-नाले खोल आणि रुंद करायचे, त्यांवर ओळीने बंधारे बांधायचे, कोरड्या विहिरींत जादा पाणी सोडून पुनर्भरण करायचे, असे त्याचे स्वरूप. तिथल्या विहिरींना पाणी आले आणि दुबार पिके निघू लागली, हे पाहून आलेले पुष्कळ लोक सांगतात. त्यांच्या सांगण्यावर संशय घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की यातले किती खोलीकरणामुळे?

शिरपूरची तुलना तापीच्या दक्षिण काठावरच्या शिंदखेड्याशी करण्याचा मोह होतो. नदी ओलांडली की दुसरा तालुका, जिल्हा एकच. पण नकाशावरचे हे शेजारपण जमिनीखाली टिकत नाही. शिरपूर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगरातून येणारे पाणी पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यात मुरते आणि तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत. शिंदखेड्याचा बहुतेक भाग कठीण बेसॉल्टचा, पाऊसही कमी. शिवाय धुळे-नंदुरबारच्या बेसॉल्टमध्ये उभ्या भिंतींसारख्या काळ्या दगडाच्या पट्ट्या घुसलेल्या आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. भूगोलाच्या सहलीत शिक्षकांनी त्या मुलांना जरूर दाखवाव्यात. भूमिगत पाणी अशा भिंतीशी अडते. भिंतीच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असेही होते. तेव्हा शिरपूर आणि शिंदखेड्याच्या विहिरींतला फरक पाहून ‘हा पॅटर्नचा परिणाम’ म्हणणे म्हणजे सातपुड्याचे श्रेय पोकलेनला देणे होय.

माणसांमधलाही फरक असतो. जिथे पैसा, पुढारी आणि चिकाटीचा तज्ज्ञ एकत्र येतात तिथेच असे काम उभे राहते. पानी फाउंडेशनने २०१६ पासून वॉटर कप स्पर्धा घेतली, तिच्यातही हेच दिसते. पहाटे उठून श्रमदान करणारे गाव मुळातच एकीचे असते. ते गाव पुढे सुधारले तर श्रेय चरांना द्यायचे की एकीला? श्रमदान करणाऱ्यांना हा प्रश्न रुचणार नाही, पण दुसऱ्या गावात नुसते चर खणून काय होईल हे ज्याला ठरवायचे आहे, त्याला तो विचारावाच लागतो.

थोडे थांबून पाहू. आपल्याला खरे म्हणजे काय हवे आहे? तीच विहीर, तोच पाऊस, तीच माणसे आणि फक्त योजना झालेली नाही, अशी दुसरी विहीर. ती जगात कुठेच नाही. प्रयोगशाळेत आपण दोन परीक्षानळ्या घेतो, एकीत आम्ल घालतो आणि दुसरी तशीच ठेवतो. गावाच्या बाबतीत दुसरी नळी मिळत नाही. ती नळी कल्पनेने पण प्रामाणिकपणे कशी उभी करायची, यावर गेल्या शंभर वर्षांत मोठे शास्त्र तयार झाले. अर्थशास्त्राची २०१९ आणि २०२१ ची नोबेल पारितोषिके प्रामुख्याने याच कामाला मिळाली. पण त्याचे बीज पाण्याच्याच एका कथेत आहे.

लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरला संशय होता की पटकी दूषित पाण्यातून पसरते. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवत. १८४९ च्या साथीच्या वेळी दोघीही टेम्स नदीचे शहरातले घाण पाणी उचलत होत्या. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीने आपले उचलण्याचे ठिकाण शहराच्या वर नेले. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी जिथे होती तिथेच राहिली. पुष्कळ गल्ल्यांत दोन्ही कंपन्यांचे नळ शेजारी-शेजारी होते. या घरात एकीचे पाणी, शेजारच्या घरात दुसरीचे, हवा आणि गरिबी तीच. स्नोने दारोदार फिरून कोणत्या घरात कोणाचे पाणी ते लिहून घेतले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू आणि लॅम्बेथच्या ३७. ‘आधी-नंतर’ आणि ‘इकडे-तिकडे’ या दोन्ही तुलना त्याने एकमेकींना जोडल्या, हे त्याच्या कामाचे बळ.

हीच जोडणी आपल्या विहिरींना लावू. पुढचे आकडे निव्वळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा योजनेच्या गावात मे २०१६ ला पाणी जमिनीपासून ११ मीटर खोल होते, मे २०१७ ला ८ मीटर. म्हणजे ३ मीटरची सुधारणा. योजना न झालेल्या, पण तसाच खडक आणि तसाच उतार असलेल्या शेजारच्या गावात ते साडेदहावरून साडेआठवर आले. म्हणजे २ मीटरची सुधारणा योजनेशिवायच झाली. योजनेच्या नावावर उरला १ मीटर. शास्त्रज्ञ याला फरकातला फरक म्हणतात. फलकावर ३ मीटर छापणे खोटे नव्हते, पण त्यातले २ मीटर पावसाचे होते.

आता हेच उदाहरण पुढे नेऊ. २०१८ मध्ये पाऊस पुन्हा दगा देऊन गेला आणि ऑक्टोबरमध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. समजा मे २०१८ ला आपल्या दोन्ही विहिरी ८ आणि साडेआठ मीटरवरच होत्या. मे २०१९ ला योजनेच्या गावातली विहीर १० मीटरवर गेली, शेजारची १२ मीटरवर. टीकाकार पहिल्या विहिरीकडे बोट दाखवून म्हणेल, “पाहा, योजनेनंतर पाणी २ मीटरने खाली गेले, पैसा पाण्यात गेला.” प्रत्यक्षात शेजारचे गाव साडेतीन मीटर खाली गेले आणि या गावाचे दीड मीटर वाचले. म्हणजे योजनेचा उपयोग चांगल्या वर्षापेक्षा वाईट वर्षातच जास्त झाला आणि आकडा मात्र घटीचा दिसला.

म्हणूनच माझी तक्रार दोन्ही बाजूंशी आहे. सरकारी प्रसिद्धीने २०१६ च्या पावसाचे श्रेय घेतले. टीकाकारांनी २०१९ चे टँकर मोजून २०१८ च्या दुष्काळाचा दोष योजनेवर टाकला. ‘कॅग’चे काम मुख्यत्वे हिशेब तपासण्याचे. कामांचा दर्जा, देखभाल, नोंदी यांबद्दल त्याने जे दाखवले ते महत्त्वाचेच आहे आणि त्याला कोणत्याही सांख्यिकीची गरज नाही. बंधाऱ्याला भेग आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. परंतु योजनेनंतर पातळी घटली म्हणून योजनेचा परिणाम नाही, एवढ्यावर कोणी थांबत असेल तर त्याचा तर्क त्या मुलीच्या फलकासारखाच आहे, फक्त उलट्या दिशेने.

फरकातल्या फरकाची पद्धत रामबाण आहे असे समजू नये. तिची एक अट आहे. योजना झाली नसती तर दोन्ही गावांच्या विहिरी बरोबरीने चढल्या-उतरल्या असत्या, हे खरे असावे लागते. ते सिद्ध करता येत नाही, पण तपासता येते. २०१४ पूर्वीच्या आठ-दहा वर्षांत त्या दोन विहिरी एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून चालत होत्या का, ते पाहायचे. नसतील तर ते शेजारचे गाव तुलनेला निरुपयोगी.

दुसरी अडचण पाण्याचीच आहे. पाणी गावाची शिव ओळखत नाही. वरच्या गावाने ओढ्याचे पाणी अडवले तर खालच्या गावाला मिळणारे कमी होऊ शकते. मग वरच्या गावाचे पाणी वाढले, खालच्याचे घटले आणि आपण दोघांतला फरक मोजून योजनेला दुप्पट गुण दिले, असे होते. साक्री तालुक्यात अडवलेल्या थेंबाचा हिशेब पांझरेच्या खालच्या अंगाला शिंदखेडा तालुक्यातही मांडायला हवा.

तिसरी अडचण मोजमापाची. राज्यात गावे चाळीस हजारांवर आणि भूजल यंत्रणेच्या नियमित मोजल्या जाणाऱ्या निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आसपास, म्हणजे दहा गावांमागे एक. बेसॉल्टमध्ये शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचे स्वभाव वेगळे असतात. अशा एका विहिरीवरून दहा गावांचे भवितव्य सांगणे धाडसाचे आहे. त्यातून पाणी वाढले की शेतकरी स्वस्थ बसत नाही, आणि त्याने बसूही नये. तो कापसाला आणखी दोन पाणी देतो, रब्बीचा गहू घेतो, जमलेच तर केळी लावतो. विहीर पुन्हा खाली जाते. पातळी घटली, पण घरात पैसा आला. म्हणून नुसती पातळी न पाहता रब्बीचे क्षेत्र, पिकांचा फेर, उन्हाळ्यातले पिण्याचे पाणी हेही मोजायला हवे. ‘इतके हजार घनमीटर साठवण क्षमता निर्माण झाली’ हा आकडा तर परिणामाचा नव्हेच. शाळेत किती पुस्तके वाटली यावरून मुलांना किती वाचता येते ते सांगण्यासारखा तो प्रकार आहे.

या सगळ्या अडचणींतल्या बऱ्याचशा एका साध्या उपायाने सुरुवातीलाच टळल्या असत्या. तो उपाय आपल्या कृषी संशोधन केंद्रांत रोज वापरला जातो, म्हणून अधिक वाईट वाटते. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून भुईमुगाचा जेएल-२४ म्हणजे फुले प्रगती हा वाण बाहेर पडला. असा वाण चाचणीला लावताना शेताचे सारखे तुकडे पाडतात आणि कोणत्या तुकड्यात कोणता वाण पेरायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. शास्त्रज्ञाने आपला आवडता वाण काळ्या कसदार तुकड्यात पेरू नये म्हणून ही चिठ्ठी. इंग्लंडच्या रॉथमस्टेड येथील शेतांवर काम करताना रोनाल्ड फिशर याने ही पद्धत बांधली. आपल्याकडे ती विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवली ती पानसे आणि सुखात्मे यांच्या शेतीविषयक सांख्यिकीच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकाने. त्यांतले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. म्हणजे दोन गुंठ्यांवरच्या भुईमुगासाठी आपण चिठ्ठी टाकतो आणि साडेबावीस हजार गावांवरच्या हजारो कोटींसाठी टाकत नाही.

चिठ्ठी म्हटले की लगेच हरकत येते, पाण्यासारख्या गोष्टीत सोडत काढणे अन्यायाचे नाही का? मला तसे वाटत नाही. सगळी गावे पहिल्या वर्षी घेणे शक्यच नव्हते. कोणती आधी आणि कोणती नंतर, हे ठरवावेच लागले. टंचाईच्या गावांची यादी करून त्यांच्यातला क्रम सोडतीने लावला असता, तर कोणाचा हक्क गेला नसता. उलट, कोणाच्या वजनाने कोणते गाव पुढे सरकले हा वाद मिटला असता. पहिल्या वर्षीची गावे आणि अजून वाट पाहणारी गावे यांच्यात मग फरक उरला असता तो फक्त योजनेचा आणि नशिबाचा. नशिबाचा भाग किती, हे संख्याशास्त्र सांगू शकते. पाणी शिव ओलांडते म्हणून ही सोडत गावांची नव्हे तर पाणलोट क्षेत्रांची काढायची, एवढी दक्षता घ्यावी लागली असती. दुसऱ्या टप्प्यातही हे करता आले असते.

सोडत शक्यच नसते अशाही गोष्टी असतात. धरण कुठे बांधायचे हे चिठ्ठीने ठरत नाही. तिथे निसर्गानेच टाकलेली चिठ्ठी शोधावी लागते. एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय धरणांच्या अभ्यासात नदीच्या उताराचा आधार घेतला. सिंचनाच्या धरणाला मध्यम उतार सोयीचा. उतार माणसाने ठरवलेला नसतो आणि पुढाऱ्याच्या वजनाने बदलतही नाही. उताराच्या आधारे तुलना केल्यावर त्यांना दिसले की धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत सिंचन वाढले आणि दारिद्र्य घटले, पण धरण ज्या जिल्ह्यात बांधले तिथे दारिद्र्य वाढले. राज्याची किंवा देशाची सरासरी काढली असती तर हे दोन्ही परिणाम एकमेकांत बुडून गेले असते. उताराचा शेतीवर इतर वाटांनीही परिणाम होत असणार, अशी शंका या पद्धतीवर घेता येते. लेखिकांनी ती स्वतःच विचारात घेतली आहे. नदीच्या उतारासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट धरणाचा न्याय करायला साक्षीला येते, याची मला मात्र मौज वाटते.

प्रदर्शनानंतर दोन दिवसांनी मी त्या शाळेत पुन्हा गेलो. क्रमांक बदलायला नव्हे, तर त्या मुलीच्या शिक्षकांना भेटायला. फाशांचा प्रयोग आम्ही नववीच्या वर्गात करून पाहिला. फुलीने बेरीज वाढल्याचे पाहून मुले चकित झाली आणि टाळ्यांनी ती घटल्यावर खो खो हसली. मग फलक पुन्हा काढायचे ठरले. चार स्तंभांचा, आजोळच्या विहिरीचे दोन आणि शेजारच्या गावातल्या एका विहिरीचे दोन. खाली पावसाची रेघ. शेजारच्या विहिरीचे जुने आकडे कोणाच्याच वहीत निघाले नाहीत, म्हणून ते दोन स्तंभ सध्या रिकामे आहेत.

तिने ते तसेच रिकामे ठेवून वर ‘माहीत नाही’ असे लिहिले आहे. या वर्षापासून दोन्ही विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चारदा मोजायच्या ठरल्या आहेत. दोरीला मीटरच्या खुणा करून झाल्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा शेजारच्या गावची विहीर मोजायला कोण जाणार, हे अजून ठरायचे आहे.